पांढऱ्या पेशींचा पावसाळा

शुक्रवार, १३ जून
भाताच्या रोपांचा राब उगवला. मध्ये एका जागी विरळ आहे. चुलतभाऊ दत्ताराम बांधावरून जाता जाता म्हणाला, "भाऊ, राब तुझ्या डोक्यावर गेलाय. मधीच टक्कल." त्याच्या डोक्यावर राबसुद्धा नाही, नुसता बांध आहे, ते त्याला सांगितलं.

मुलाने, सुहासने, आज न सांगता गोठा झाडला. तेहतीस वर्षांच्या माणसाने गोठा झाडला ही काही रोजनिशीत लिहायची गोष्ट नव्हे. तरी लिहितो. मागच्या महिन्यात व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आणला तेव्हा पाण्याचा तांब्या धरताना हात थरथरत होता.

मुंबईत मोठमोठ्या लग्नांना, पार्ट्यांना स्टेजचे लाइट लावायचा. आमच्या वाडीतला पहिला लाइटमन. तळा गावच्या बाजारात मी ओळख नसलेल्यांनाही सांगायचो. त्याच पार्ट्यांत प. लागली. प. म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. लिहिणार नाही.

शनिवार, १४ जून
माणगावला सु.ला घेऊन डॉ. बाईंकडे. केंद्राने यांच्याकडेच पाठवलंय. वयाने सु.पेक्षा लहान असतील, पण बोलणं हेडमास्तरसारखं.

सगळं नीट समजावलं. मला वाटत होतं, प.ने डोकं बिघडतं, बाकी शरीर तसंच राहतं. तसं नाही. प.ने रक्ताच्या नळ्या आवळतात, आणि अंगाला आतून सारखी सूज राहते. नाकात, हृदयाच्या नळ्यांत, आतड्यात. बाहेर काही दिसत नाही. शरीराची लढणारी फौज काही कारण नसताना पेटलेली, आणि खरा जंतू शिरतो तेव्हा थकलेली. म्हणून सर्दी महिनाभर, म्हणून हातावरची खरचटं भरत नव्हती. नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडलंय, ते राहणार.

मी म्हटलं, बाई, म्हणजे बर्नर फुल चालू, वाफ सगळी वाया, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह जाम. रोह्याच्या कारखान्यात जन्मभर बॉयलर सांभाळला, मला दुसरं काय सुचणार. बाई हसल्या. म्हणाल्या, हे मी दुसऱ्या पेशंटना सांगेन. सांगू देत. मी नाव लावा म्हटलेलं नाही, लावलं तर हरकत नाही.

पण पुढचं हसण्यासारखं नव्हतं. त्या मालात भेसळ असते, आणि बहुतेक वेळा कशाची, तर गुरांना जंतांवर देतात त्या औषधाची. गेल्या वर्षी गोठ्यातल्या पाड्याला पाजलं तेच. माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याने खलास होतात. सु.च्या कानाच्या पाळ्या काळ्यानिळ्या झाल्या होत्या त्या त्यामुळेच. सु.ची आई, ही, समजत होती, कानाला ते मोठे हेडफोन लावून झालंय. केंद्रात गेला तेव्हा पांढऱ्या पेशी नावापुरत्या उरल्या होत्या. आज रिपोर्ट चांगला. भरून आल्यात.

दोन गोष्टी बजावल्या. ताप आला तर घरचं काही न करता त्याच दिवशी यायचं. आणि शेतात उतरायचंच असेल तर गमबूट घालून.

येताना माणगावात गमबूट घेतले. दुकानदाराने विचारलं, कंपनीसाठी का. हो म्हटलं.

रविवार, २२ जून
सु.चं वजन वाढतंय. हिने खाडीतल्या निवट्यांचं कालवण केलं. दोनदा मागून घेतलं. त्याच्या आईला सून आल्यावरही झाला नसता एवढा आनंद झाला.

शनिवार, २८ जून
आवण, म्हणजे राबातली रोपं, हाताला यायला लागलं. पुढच्या आठवड्यात लावणी. सावड म्हणजे आळीपाळीने सगळ्यांनी एकेकाच्या शेतात राबायचं; पहिली दत्तारामकडे, आमची नंतर. घरटी दोन माणसं. गेली चार वर्षं मी आणि ही. लोक विचारायचे, सुहास येत नाही का, तेव्हा मी ऐटीत सांगायचो, त्याला कुठला वेळ, सीझन चालू आहे. यंदा सु. आणि मी. हिला म्हटलं, तू आराम कर. ही म्हणाली, आराम म्हणजे वीस माणसांचा भात कोण रांधणार.

मंगळवार, १ जुलै
सु. मुंबईला गेला. खोलीवर हत्यारांची पेटी आहे, पक्कड, टेस्टर, मीटर, सगळं चांगल्या प्रतीचं. ते आणतो, उद्या येतो म्हणाला. ही म्हणत होती, तुम्ही सोबत जा. मी म्हटलं, माणूस आहे की पार्सल.

बुधवार, २ जुलै
आला. पेटी आणली. जेवला कमी. गर्दीत डोकं दुखलं म्हणाला.

शनिवार, ५ जुलै
दत्तारामकडची लावणी. सु. चिखलात उतरला. हे पान जपून ठेवायला हवं.

गमबुटांचं असं झालं. सु. घालून आला तर दत्ताराम बांधावर कमरेवर हात ठेवून उभा. म्हणाला, "साहेब आलं. साहेबांना खुर्ची टाका रे." सगळे हसले. बायाही. गमबुटात लावणी होत नाही हेही खरंच, पाय रुततो तो निघत नाही, बूट तिथे आणि माणूस इथे. सु.ने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, काढ, रिपोर्ट तर चांगला आहे. काढले.

आणि काय लावलं पोराने. लहानपणी शिकवलेलं हात विसरत नाहीत. ओळ सरळ, मूठ हलकी, मागे मागे सरकताना एकदाही अडखळला नाही. दत्तारामच्या बायकोला, पारूला, मागे टाकलं. पारूला मागे टाकणं म्हणजे काय ते लावणी केलेल्यालाच कळेल. वाकलो होतो म्हणून बरं, डोळे कोणाला दिसले नाहीत.

सोमवार, ७ जुलै
सगळ्यांना चिखल्या झाल्यात, दर वर्षीप्रमाणे. मेंदीचा पाला वाटून बोटांच्या बेचक्यात. सु.च्या टाचेत काटा मोडलाय. हिने सुईने काढला.

मंगळवार, ८ जुलै
टाच सुजली. लाल, गरम. हिने गव्हाच्या पिठाचं पोटीस बांधलं. पिकली की फुटेल, फुटली की मोकळा.

बुधवार, ९ जुलै
पोटीस बदललं तरी टाच पिकत नाही. दाबली तर घट्ट. पू म्हणून नाही. दत्ताराम बघायला आला, दोन्ही अंगठ्यांनी दाबून बघितलं, आणि निकाल दिला: "पू न्हाय म्हंजे रगात चांगला हाय. कवलापूर्वीचा रगात हाय आपला, भाऊ."

कौलं यायच्या आधीपासून आमचं घराणं इथलं, हे दत्ताराम रोज एकदा सांगतो. आज बरं वाटलं ऐकायला. एवढं सगळं होऊनही रक्त चांगलंच राहिलं. मीही हिला तेच म्हणालो.

सु. घसा धरलाय म्हणाला. हिने गवती चहाचा काढा दिला.

गुरुवार, १० जुलै
माणगाव, हॉस्पिटलच्या बाकावरून लिहितोय. पेन सिस्टरचं.

सकाळी सु. अंथरुणातच होता. कपाळाला हात लावला तर भाजला. तोंडात पांढरे फोड. ही काढा उकळायला गेली, मी तांदळाची पेज बघत होतो. सु. उठून बसला, भिंतीला धरून, आणि म्हणाला, "बाबा, काढा नको. मला माणगावला न्या. आत्ता."

दत्तारामच्या पोराची रिक्षा. खड्डे. सु.चं डोकं माझ्या खांद्यावर, लहान असताना असायचं तसं.

डॉ. बाईंनी टाच बघितली आणि विचारलं, किती दिवस पोटीस बांधताय. मी सांगितलं, आणि वर हेही सांगितलं की पू झालेला नाही. अभिमानाने सांगितलं, तेच मला आता सोसत नाहीये. बाई म्हणाल्या, "काका, पू म्हणजे मेलेल्या पांढऱ्या पेशी. लढून मेलेल्या. याच्यात लढायला कोणी नाही, म्हणून पू नाही."

रक्त काढून घेतलं. रिपोर्टला वेळ होता. बाई स्वतःशीच बोलत होत्या, गेल्या महिन्यात पेशी चांगल्या होत्या, आता हे लेप्टो का डेंग्यू का आणखी काही. तेवढ्यात सु. म्हणाला, "मॅडम, मी घेतली. मुंबईला गेलो त्या रात्री, आणि घरी आल्यावर एकदा. उरलेली संडासात ओतली. बाबांना माहीत नाही."

मी तिथेच उभा होतो.

त्याला थोबाडीत मारायला हात उठला असता. ताप होता म्हणून नाही उठला, असं नाही. त्याने बाईंकडे बघितलं नाही, जमिनीकडेही नाही, सरळ माझ्याकडे बघून सांगितलं. मी बाहेर येऊन नळावर तोंड धुतलं.

नंतर बाई बाहेर आल्या. म्हणाल्या, एकदा ज्याचं रक्त त्या भेसळीने बिथरलंय त्याला पुन्हा चिमूटभरही पुरते. पेशी जवळजवळ संपल्यात. त्याने स्वतःहून सांगितलं नसतं तर आम्ही बाकीचे आजार शोधत बसलो असतो. मग हेही म्हणाल्या की सांगणं त्याच्यासाठी सोपं नव्हतं, तुम्ही उभे होतात.

ते मला माहीत आहे. माझ्यासमोर खोटं बोलणं किती सोपं आहे हे चार वर्षं बघितलंय.

शुक्रवार, ११ जुलै
वेगळी खोली. तोंडाला पट्टी बांधून, हात धुऊन आत जायचं. सलाइनमधून औषध. पेशी वाढायचं इंजेक्शन पोटात. ताप उतरतो, चढतो. टाचेचा लालपणा घोट्यापर्यंत आलाय. बाईंनी पेनाने कडेने रेघ ओढून ठेवली, रेघेच्या वर जायला नको.

हिने दुपारी गमबुटांचं विचारलं. मी सांगितलं, मीच काढ म्हणालो. हिने पिशवीतलं सामान परत लावलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

शनिवार, १२ जुलै
लालपणा रेघेच्या वर गेला. औषध बदललं. सु.ला शुद्ध आहे, पण ग्लानी. मला म्हणाला, दत्ताकाकांच्या ओळी सरळ आल्या का. म्हटलं, तुझ्या आल्या. त्याच्या कधी आल्यात.

घरून फळं, नारळपाणी, पारूने दिलेले करंदीचे, म्हणजे बारीक कोळंबीचे, वडे. सिस्टरने सगळं परत पाठवलं. फक्त उकळलेलं, ताजं, झाकलेलं. वडे मी बाकावर बसून खाल्ले. चांगले होते.

मला भीती वाटते. लिहून टाकलं.

रविवार, १३ जुलै
तसंच. रेघ ओलांडून आणखी नाही. तसंच म्हणजे चांगलं, असं सिस्टर म्हणते.

मंगळवार, १५ जुलै
पू झाला.

सकाळी बाईंनी टाच दाबली तर पिवळा थेंब आला. बाई एवढ्या खूश की सिस्टरला हाक मारून दाखवला. मीही वाकून बघितला. सु.चा दहावीचा निकाल लागला तेव्हा असा बघितला नव्हता. नंतर रक्ताचा रिपोर्ट आला, पेशी वर चढतायत, पण मला तो थेंब पुरेसा होता.

बाहेर येऊन हिला फोन केला. म्हटलं, पू झाला. ही रडायला लागली. मागे कोणीतरी विचारलं, काय झालं, आणि ही म्हणाली, सुहासला पू झाला. पलीकडे सगळे घाबरले असणार.

शनिवार, १९ जुलै
घरी आणला. टाचेला पट्टी, काठी टेकत. चिखल बंद. गोठा बंद. निदान दिवाळीपर्यंत.

वेशीवरच दत्ताराम भेटला. काय झाला होता? मी म्हटलं, लेप्टो. तोंडातून गेलंच. लेप्टो इज्जतीचा आजार आहे. शेतात राबणाऱ्याला होतो. दत्ताराम म्हणाला, मी बोललोच होतो, शहरातल्या अंगाला आपला चिखल मानवत न्हाय. वर मलाच समजावलं, लाज वाटून घेऊ नको. सु. रिक्षातून ऐकत होता.

रविवार, २० जुलै
सगळी वाडी लेप्टोची गोळी घ्यायला आरोग्य केंद्रात गेली. माझ्यामुळे. तसं वाईट नाही, दर वर्षी घ्यायलाच हवी, पण परत येताना सगळे मलाच धन्यवाद देऊन गेले. जेवण गोड लागलं नाही.

मंगळवार, २२ जुलै
आमच्याकडची सावड. आज काय घडलं ते नीट लिहितो.

घरातून दोन हात हवेत. मी आणि ही उतरलो. सु. बांधावर, काठी घेऊन. दुपारपर्यंत ठीक. भात खायला सगळे बांधावर बसले, ताटं हातात, तेव्हा दत्तारामने सुरुवात केली. म्हणे, मी म्हातारा वाकतोय, आणि तरणा बसलाय. लेप्टो होऊन माझा मेव्हणा चौथ्या दिवशी नांगर धरत होता. चेष्टेतच, पण सगळ्यांसमोर. मी म्हणणार होतो, डॉक्टरने मना केलंय. तेवढं म्हणून विषय संपला असता.

सु. उठून उभा राहिला. काठीवर भार टाकून. म्हणाला, "काका, मला लेप्टो नव्हता. मुंबईत मी कोकेन घ्यायचो. चार वर्षं. त्याने अंगातली ताकद जाते म्हणतात ना, ती नुसती हातापायाची नाही, जखम भरायची ताकद जाते. या महिन्यात परत घेतली आणि पांढऱ्या पेशी संपल्या. काट्याने मरायची वेळ आली होती. म्हणून मी उतरत नाहीये. बाबांनी लेप्टो सांगितलं ते माझ्यासाठी."

मी माझ्या ताटात बघत होतो. मी पावडरलाही नुसतं प. लिहीत होतो, आणि पोरगं अख्ख्या सावडीसमोर उभं राहून नाव घेतंय. कोकेन. घे, लिहिलं मीही.

मग पारूने विचारलं, तो कोकेन कसला असतो. सु.ने सगळं सांगितलं, अंगाला आतून सूज येते ते, नाकाचं भोक, कान, आणि गुरांच्या औषधाची भेसळ. पारू घास हातात धरून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हंजे पाड्याचा जंताचा औषध तू पैसं देऊन नाकातना घेतलास?"

सु. म्हणाला, "व्हय काकी."

"आमच्याकडं मागायचास. फुकाट दिला असता."

पहिला सु. हसला. मग सगळे. दत्ताराम हसला नाही. बराच वेळ भात कालवत बसला. मग म्हणाला, गमबूट मी काढायला लावले. मी म्हटलं, काढ मी म्हणालो. आमच्यात तेवढ्यावरूनही जुंपली असती, पारूने दोघांना आमटी वाढली.

उठताना दत्तारामने निकाल दिला. सावडीत हात लागतो, तो चिखलातच लागतो असा काही न्हाय. उरलेल्या शेतांवर चहा आणि भाकऱ्या पोचवायचं काम सुहासचं. मला वाटलं, हे बायकांचं काम. माझा चेहरा बघून ही म्हणाली, आता यात काय कमीपणा शोधताय.

शोधत होतो. सापडला नाही. आज मला जेवढा अभिमान वाटला तेवढा तो लाइटमन होता तेव्हा वाटला नव्हता. तेव्हाचा अभिमान मी लोकांना सांगत फिरत होतो. आजचा कोणाला सांगायची गरजच नाही, सगळे तिथेच होते.

शनिवार, २६ जुलै
डोक्यावर टोपली, एका हातात किटली, तोंडाला पट्टी, पायात गमबूट. असा माझा मुलगा बांधावरून येतो. बाया ओरडतात, चहावाल्या, इकडं. चहात साखर कमी असते अशी सर्वांची तक्रार. मी तक्रार केली नाही. तीन कप प्यायलो.

पलीकडच्या वाडीतली एक बाई मुद्दाम थांबली होती. तिचा नवरा मुंबईत कुठल्या तरी बारमध्ये आहे, त्याचंही नाक सारखं वाहतं म्हणे, आणि कान काळे पडलेत. सु.ने टोपली खाली ठेवली आणि बराच वेळ तिच्याशी बोलला. तिला डॉ. बाईंचा नंबर दिला. काय बोलला ते मी विचारलं नाही.

गुरुवार, ३१ जुलै
लावण्या संपल्या. रिपोर्ट: पांढऱ्या पेशी ठीक. अंगातली सूज दाखवणारा तो दुसरा आकडा अजून हवा त्यापेक्षा जास्त. बाई म्हणाल्या, तो हळूहळू उतरतो. बर्नर बंद केला तरी बॉयलर लगेच गार होत नाही, असं मलाच ऐकवलं. माझंच मला.

सु.ने विचारलं, पूर्ण गार होतो का. बाई म्हणाल्या, बऱ्याच जणांचा होतो. पुन्हा पेटवला नाही तर.

सोमवार, ११ ऑगस्ट
मुंबईहून फोन. जुना मालक. गणपतीच्या मंडपांच्या ऑर्डरी, माणसं नाहीत, ये, म्हणशील तो रोज देतो. सु. ओटीवर बोलत होता, मी आत ऐकत होतो. बघतो, म्हणाला. नाही म्हणाला नाही.

रात्रीच्या जेवणाला ही भाताकडे बघत राहिली. सु.ने स्वतःच विषय काढला. काम चांगलं आहे, बाबा. मला दुसरं काही येत नाही. मग म्हणाला, आणि तिथे कोण असतात ते मला माहीत आहे. तुम्ही काय म्हणता?

जाऊ नको म्हणायचं होतं. म्हटलं, तुझ्या पेशी आहेत, तुला विचारतील. हे मी कशाला म्हणालो मलाच कळलं नाही.

गुरुवार, १४ ऑगस्ट
आज रक्त तपासायला द्यायचा दिवस. सकाळी मी चपला घातल्या, तर सु. म्हणाला, "बाबा, आज मी एकटा जातो."

माणगाव म्हणजे हायवे. डॉ. बाईंच्या दवाखान्यापासून चार पावलांवर मुंबईच्या गाड्या थांबतात, हात केला की. पाठीला सॅक होती त्याच्या. एवढीशी फाइल न्यायला सॅक कशाला, हे माझ्या मनात आलं, आणि हिच्याही आलं, कारण हिने माझ्याकडे बघितलं. मी चपला काढल्या. म्हटलं, जा.

गेला. पायात लंगडणं जवळजवळ नाही आता. वळणापर्यंत बघत होतो. पाठमोरा चांगला दिसतो.

दुपारी दत्ताराम आला. सुहास कुठाय? म्हटलं, रक्त दाखवायला गेलाय माणगावला. कोकेनचं. दत्ताराम म्हणाला, "एकटा?" म्हटलं, व्हय, एकटा. तो उठून गेला नाही. ओटीवर माझ्याशेजारी बसून राहिला, त्याला घरी काम नाही असं कधी होत नाही.

दुपारची गाडी आली. सु. नव्हता. बाईंकडे गर्दी असते.

संध्याकाळची आली. पारू उतरली, बाजाराची पिशवी घेऊन. गाडीत आमचं दुसरं कोणी नव्हतं. तिने माणगावात सु.ला बघितलं का, हे दत्तारामने विचारलं. दवाखान्याच्या दारात दिसला होता, सकाळी. नंतर न्हाय.

ही म्हणाली, फोन करा. दत्तारामही म्हणाला. मी नाही म्हटलं. माझा मुलगा एकटा जातो म्हणाला आहे. अर्ध्या रस्त्यात मी हाक मारली तर मग तो एकटा कसला गेला. छातीत धडधडतंय हे खरं आहे, आणि मान ताठ आहे हेही खरं आहे.

शेवटची गाडी यायची आहे. दिवे लागले. हिने आत तांदूळ धुवायला घेतले. मी दारातून बघितलं. तिघांचे घेतलेत.